पेंटरबाई आणि सतरा नंबरचा फलक

खरं सांगा, सार्वजनिक कामाच्या फलकावर अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, बोटभर जागेत लिहिलेलं रंगवणाऱ्याचं नाव तुम्ही कधी वाचलंय का?

नाही ना. वरचं ठळक वाचता, कुणाच्या हस्ते काय झालं ते वाचता आणि पुढे जाता. मग आमच्या पेंटरबाईची गोष्ट तुमच्या कानावर आलीच नसणार. ऐका तर.

बाईचं वय चौपन्न. चण बारीक, आवाज मात्र चौकातून गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. बापाचं जिन्याखाली रंगकामाचं दुकान होतं. अकराव्या वर्षी बापाने तिच्या हातात ब्रश दिला आणि एका मोडक्या दारावर महिनाभर फक्त 'ळ' काढायला लावला. "हा जमला की बाकीचे आपोआप मागे येतात," असं त्याचं म्हणणं. बाकीचे काही आपोआप आले नाहीत, पण बाईचा 'ळ' पाहून आजही रस्त्यातला माणूस क्षणभर थांबतो.

पुढे प्लास्टिकचे छापील फलक आले आणि हाताने रंगवणाऱ्यांचा धंदा बसला. कुणी रिक्षा धरली, कुणी भाजीची गाडी. बाई शाळेच्या बाकांवर नंबर टाकून आणि दुकानांच्या शटरवर 'येथे गाडी लावू नये' लिहून दिवस काढत राहिली. हात थांबला नाही, एवढंच.

आणि मग गावात हरित निधी आला.

हे प्रकरण सोपं आहे, उगाच घाबरू नका. गावाने लोकांना रोखे विकले. म्हणजे लोकांनी आपली शिल्लक गावाला दिली आणि गावाने ती फक्त हवा-पाणी सुधारणाऱ्या कामांत घालायची: छतावरचे सौर पॅनेल, विजेवरच्या बस, सांडपाण्याची टाकी. वर विश्वस्त मंडळ, मध्ये कार्यालय, कार्यालयात सचिव, सचिवाच्या हाताखाली एक तपासनीस. परगावची एक संस्था वर्षातून एकदा सगळे कागद पाहून 'हे खरोखर हरित आहे' असं प्रमाणपत्र देई. ते चौकटीत घालून सचिवाच्या डोक्यावर टांगलेलं.

निधीचे नियमही बरे होते. कुणाच्या पैशातून काय होतंय हे लोकांना कळावं म्हणून जागेवर फलक लागल्याशिवाय कामाचा पहिला हप्ता सुटायचा नाही. आणि फलक प्लास्टिकचा चालायचा नाही. हरित निधीचं नाव प्लास्टिकवर झळकलं तर लोक तोंडात शेण घालतील, असं कुणीतरी पहिल्याच सभेत म्हटलं होतं. पत्र्यावर हाताने लिहिणारं माणूस शोधायला निघाले, तर गावात एकच उरलेलं. तीन वर्षांत बाईने अडतीस फलक रंगवले. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, खाली कोपऱ्यात 'पेंटरबाई'. घरात पुन्हा दोन वेळा दूध येऊ लागलं. नवरा बस चालवून निवृत्त झालेला; तो शिडी धरायचा, खडूची दोरी ताणायचा आणि सूचना द्यायचा, ज्या ती ऐकायची नाही.

मग एके दिवशी निधीचा वार्षिक अहवाल घरी आला. गुळगुळीत कागद, दीडशे पानं. बाईने चष्मा पुसला आणि आपलं काम कुठे दिसतंय का, हे पाहायला पानं उलटू लागली. पहिल्या पानावर तिचा फलक. दुसऱ्या पानावर तिचा फलक. दहाव्या, विसाव्या, चाळिसाव्या पानावर तिचेच फलक. पॅनेलचा फोटो नाही, बसचा नाही, टाकीचा नाही.

"हा कसला अहवाल," नवरा म्हणाला. "हा तुझा अल्बम आहे. मुलीच्या लग्नातसुद्धा तुझे एवढे फोटो काढले नव्हते."

बाई खुशीत हसली. पण बस आगाराच्या पानावर तिची नजर अडखळली. तिथे फोटोखाली छापलं होतं: 'मोजलेला लाभ: दररोज शंभर झाडांइतकी हवा शुद्ध.'

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे वाक्य माझं आहे."

"म्हणजे?"

"आगाराच्या फलकावर खाली जागा उरली होती. सचिवांना विचारलं, काय लिहू? ते फोनवर होते, म्हणाले, लिहा काहीतरी चांगलं. मी लिहिलं."

"आणि शंभर कुठून आणलेस?"

"दोनशे लिहायचं होतं. मावेना."

नवरा पोट धरून हसला. बाई नाही हसली. ती घाईघाईने पुढची पानं उलटत होती, आणि सतरा क्रमांकावर येऊन थांबली. गल्लीच्या टोकाचा दवाखाना. 'छतावर सौर पॅनेल. काम पूर्ण.' खाली तारीख, तिच्याच वळणाची.

त्या दवाखान्यात तिची धाकटी नणंद नर्स होती. त्या छतावर पॅनेल नव्हते. कधीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दवाखान्यात गेली. नणंद लसींच्या फ्रिजपुढे थंडाव्याची पेटी उघडून बसली होती. वीज गेली होती.

"आली का वीज?" बाईने विचारलं.

"आली असती तर मी अशी उकिडवी बसले असते का, वहिनी?" नणंद बाटल्या पेटीत भरत म्हणाली. "आता ही पेटी मांडीवर घेऊन बसने मोठ्या इस्पितळात जायचं. या महिन्यात पाचव्यांदा. कंडक्टर विचारतो, काय ताई, मासे का?"

"वरून पॅनेल येणार होते ना तुझे?"

"तुझ्या फलकावर आलेत. छतावर चादरी वाळतायत." मग तिचा आवाज उतरला. "आरोग्य खात्याचं पत्र आलंय, वहिनी. पुढच्या महिनाअखेरपर्यंत पक्की वीज दाखवा, नाहीतर इथलं लसीकरण बंद. बाळंतिणींनी तान्ही पोरं घेऊन दोन बस बदलत तिकडे जायचं. निम्म्या जायच्याच नाहीत. मला माहीत आहेत माझ्या बायका."

बाई बाहेर येऊन फलकासमोर उभी राहिली. अक्षर देखणं होतं. शिरोरेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आणि वाळा तिनेच घडवलेला. त्या दिवशी सचिव म्हणाला होता, दोनदा पत्रा कशाला रंगवायचा, पूर्ण झाल्याची तारीखही आत्ताच टाकून द्या. तिलाही ते शहाणपणाचं वाटलं होतं. एक फेरी वाचली होती.

तिथून ती तडक निधीच्या कार्यालयात. सचिव माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. खिशाला दोन पेनं, टेबलावर धूळ नाही, लाच कधी घेतली नाही. असली माणसं जास्त घात करतात, कारण त्यांना शिवीसुद्धा मनापासून देता येत नाही.

"दवाखान्याच्या छतावर पॅनेल नाहीत," बाई म्हणाली.

"सतरा नंबर ना? पूर्ण आहे."

"छत रिकामं आहे, साहेब."

"फाइल पूर्ण आहे."

"मी छताचं बोलतेय."

"आणि मी फाइलचं. बाई, माझ्या टेबलावर छत येत नाही, फाइल येते."

हळूहळू उलगडा झाला. दवाखान्याच्या ठेकेदाराने आजारपणामुळे काम सुरू व्हायच्या आधीच अंग काढून घेतलं होतं. हप्ता त्याने परतही केला होता. पैसे निधीत तसेच पडून होते. पण तोवर तपासनीस येऊन गेला होता. त्याच्या फॉर्ममध्ये रकाने चारच: फलक आहे का, स्वच्छ आहे का, फलकावरील मजकूर जसाच्या तसा उतरवावा, फोटो जोडावा. तपासनीसाने पदरचं काही घुसडू नये, कुणाच्या दबावाने काही लिहू नये, म्हणून फॉर्म मुद्दाम असा बांधलेला. मजकुरात 'काम पूर्ण' होतं. त्याने उतरवलं. परगावच्या संस्थेने फॉर्म पाहिला, प्रमाणपत्र दिलं. आणि पूर्ण झालेल्या कामाला दुसरा ठेकेदार कोण नेमणार? बाकीच्या जागी निदान ठेकेदार कामाला लागलेले होते, म्हणून कामं झाली. म्हणजे अडतीस कामांची राखण दोन माणसं, एक मंडळ आणि एक संस्था करत होती, आणि सगळे मिळून एका बाईचं हस्ताक्षर वाचत होते.

"मग उघडा परत फाइल," बाई म्हणाली.

"अपूर्ण काम पूर्ण झाल्याचा फॉर्म आहे. पूर्ण झालेलं काम अपूर्ण करायचा फॉर्म नाही."

"तारीख तुम्हीच टाकायला लावलीत."

"टाकलीत तुम्ही." सचिवाने पेनाचं टोपण लावलं. मग जरा मवाळ होऊन म्हणाला, "ओळखीतल्या आहात म्हणून सांगतो, फार खोलात शिरू नका. तुमचं पोट याच पत्र्यांवर आहे."

झालं. इथे बाईचं डोकं सटकलं. "माझं पोट माझ्या हातावर आहे, साहेब. पत्रा तेवढा तुमचा," असं म्हणून ती निघाली ती दार आपटूनच.

घरी येईपर्यंत मात्र राग पातळ झाला आणि भीती वर आली. काम गेलं तर पुन्हा बाकांवरचे नंबर. तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बस चालवणारा माणूस; वळण दिसल्याशिवाय चाक फिरवत नाही. उठून त्याने तिच्या कामाचा करारनामा काढला आणि बोट ठेवत ठेवत वाचू लागला.

"ऐक. कलम सहा. रंगवणाऱ्याने दरवर्षी फलकाची डागडुजी करावी आणि मजकूर सुवाच्य व वस्तुस्थितीनुसार ठेवावा." त्याने चष्म्यावरून पाहिलं. "वस्तुस्थितीनुसार. हे तुझ्या कामात मोडतं."

"सतराची डागडुजी कधी आहे?"

"याच आठवड्यात. तपासनीस शुक्रवारी येतो."

"त्यांना फक्त फलक वाचता येतो ना," बाई म्हणाली. "मग फलकावरच सांगते."

तिने जुना मजकूर घासून काढला. अस्तर मारलं, हिरवा हात दिला, वाळू दिला. खडूच्या रेषा आखल्या, काठीवर मनगट टेकलं आणि आयुष्यात लिहिलं नसेल इतक्या निगुतीने लिहिलं:

'या दवाखान्यासाठी सौर पॅनेल मंजूर. छतावर आजपर्यंत एकही नाही. पैसे निधीत शिल्लक. लसींचा फ्रिज विजेची वाट पाहत आहे.'

नणंद दारातून वाचत होती. तिचा चेहरा उतरला. "वहिनी, माझी नोकरी जाईल गं."

"खाली सही कुणाची आहे?"

"तुझी."

"मग जाऊन बाटल्या मोज."

शुक्रवारी तपासनीस आला. चाळिशीचा, घामाघूम, एक स्कूटर आणि अडतीस जागा. त्याने फॉर्म काढला. फलक आहे, खूण केली. स्वच्छ आहे, खूण केली. तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवून त्याने वर पाहिलं, ओठ हलवत वाचलं आणि सरळ पायरीवर बसला.

"ताई," तो म्हणाला, "हे मी उतरवू?"

"फॉर्म काय म्हणतो?"

"जसाच्या तसा."

"मग मला काय विचारता? मी काय फॉर्म आहे?"

त्याने टोपीने वारा घेतला. "साहेब मला फाडून खातील."

"तुम्ही पदरचं काही लिहिताय का?"

"नाही."

"कुणाचा दबाव आहे का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुमचा सोडून नाही," म्हणाला, आणि हसायला लागला. मग मान खाली घालून त्याने सगळा मजकूर उतरवला. पूर्णविरामासकट. नणंदेने पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तो जरा घुटमळला.

"छत बघता येईल का?"

"फॉर्ममध्ये आहे का छत?" बाईने विचारलं.

"नाही. पण शिडी आहे ना तुमची."

तीन वर्षांत पहिल्यांदा तो माणूस एखाद्या छतावर चढला. वर दोन चादरी आणि एक कबुतर. पलीकडे वाचनालयाच्या छतावर पॅनेल चमकत होते. "ते आहेत की," तो खालच्या दोघींना ओरडून म्हणाला, आणि त्याला एवढा आनंद झाला की चादर अंगाभोवती गुंडाळली गेली तरी त्याला कळलं नाही. उतरल्यावर म्हणाला, "ताई, मला वाटायचं मी कामं तपासतो. मी तर तुमचं शुद्धलेखन तपासत होतो."

पुढच्या आठवड्यात विश्वस्तांची सभा होती. सभा सगळ्यांना खुली. मागे वीस खुर्च्या मांडलेल्या. बसायला कधी कुणी येत नसे. त्या दिवशी बाई आली, नवरा आला आणि रजा टाकून नणंद आली. शिपायाने तिघांकडे असं पाहिलं, जणू पाहुणे चुकून दुसऱ्याच लग्नात शिरलेत.

अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. सभेची रीत अशी की त्या फॉर्ममधला मजकूर भराभर वाचायच्या आणि प्रत्येक क्रमांकानंतर बाकीचे सहा विश्वस्त एका सुरात म्हणायचे, "नोंद घेतली." सोळापर्यंत गाडी सुरळीत चालली. चहाही आला.

"क्रमांक सतरा. दवाखान्यासाठी सौर पॅनेल मंजूर, छतावर आजपर्यंत एकही नाही, पैसे निधीत शिल्लक, लसींचा फ्रिज विजेची वाट पाहत आहे."

"नोंद घेतली," सहा जण म्हणाले.

एकाचा कप बशीवर टेकायचा राहून गेला. अध्यक्षबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "कशाची नोंद घेतलीत?" त्यांनी विचारलं. सहा जण एकमेकांकडे पाहू लागले.

सचिव उठला. "मॅडम, रंगवणाऱ्या बाईंनी फलकात परस्पर फेरफार केलाय. काम रेकॉर्डवर पूर्ण आहे."

"बाई आल्या आहेत का?"

बाई उठली. "आलेय. आणि फेरफार मी आधी केला होता, मॅडम, आता नाही. काम व्हायच्या आधी 'पूर्ण' लिहिलं, तो फेरफार. आता लिहिलंय ती वस्तुस्थिती. कलम सहा बघा." मग दम घेऊन ती म्हणाली, "आणि बस आगाराची शंभर झाडंही माझीच आहेत. तीही खोडा."

"शंभर हा आकडा कुठून आला?"

"दोनशे मावत नव्हते."

आधी शिपाई हसला. मग भिंतीशी उभा असलेला तपासनीस. मग अध्यक्षबाईंचे खांदे हलायला लागले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "दीडशे पानांचा अहवाल मी सही करून परगावी पाठवला. त्यांनी तो माझ्या सहीवर विश्वास ठेवून मान्य केला. मी सचिवांवर ठेवला, सचिवांनी फॉर्मवर. यात छतावर कोण गेलं?"

तपासनीसाने हात वर केला. "मी. एकदा. फॉर्ममध्ये नव्हतं."

आता नणंद उठली. कधी चारचौघांत न बोललेली बाई. तिने महिनाअखेरचं पत्र पुढे केलं. "मॅडम, तुमचं प्रमाणपत्र चौकटीत आहे," ती म्हणाली. "माझ्या लसी मांडीवर आहेत."

सतराची फाइल त्याच बैठकीत उघडली. तसा फॉर्म नव्हताच. अध्यक्षबाईंनी सचिवाकडून पेन मागून घेऊन कोऱ्या कागदावर ठराव लिहिला आणि सचिवाने तो निमूट टंकून दिला. त्याचं दुसरं पेन प्रथमच उपयोगी पडलेलं दिसलं. नवीन ठेकेदार, वीस दिवसांची मुदत. तपासणीच्या फॉर्मला पाचवा रकाना: वर चढून पाहिले का. 'पूर्ण' हा शब्द यापुढे काम झाल्यावरच रंगवायचा. आणि दर तपासणीला गावातले दोन साधे नागरिक बरोबर जाणार, सही करणार. त्यांना वाटलं तर सही न करण्याचाही हक्क.

"पहिलं नाव तुमचं घालू?" अध्यक्षबाईंनी पेंटरबाईला विचारलं. "फक्त एक आहे. निधीकडून काम घेणाऱ्याला तपासणीला बसता येणार नाही. फलक सोडावे लागतील."

सगळ्यांना वाटलं, आता बाई ऐटीत हो म्हणणार. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हिरव्या नखांकडे.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "मला ब्रश सोडवणार नाही. मीच लिहायचं आणि मीच तपासायचं, हेच तर आजवर चाललं होतं. दुसरं कुणीतरी घ्या."

पॅनेल एकोणिसाव्या दिवशी चढले. नणंदेने फ्रिजचं दार उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिलं. तिला विश्वास बसेना; शेवटी ठेकेदार म्हणाला, बाई, असंच उघडझाप करत राहिलात तर थंडावा कुठून राहणार. त्या महिन्यातलं लसीकरण तिथेच झालं, पोरांच्या रडण्याने गल्ली दणाणली, आणि पेंटरबाई छतावर जाऊन एकेका पॅनेलला बोट लावत मोजत होती. भर दुपारी. बोट भाजलं. तरी दोनदा मोजून, आकडा नवऱ्याकडून वदवून घेतला आणि मगच खाली येऊन 'पूर्ण' लिहिलं.

त्या दोन नागरिकांपैकी एका जागेवर निवृत्त पोस्टमन आले. शिडीवर चढताना 'तार आली, तार आली' म्हणत चढतात. दुसरी जागा चार महिने झाले, रिकामीच आहे. कुणाला वेळ नाही, कुणाला वाटतं आपल्याला त्यातलं कळत नाही. अहो, छत रिकामं आहे की भरलेलं, यात न कळण्यासारखं काय आहे?

तुमच्याही गावात असा एखादा निधी असेल. त्याच्या सभेत मागच्या खुर्च्या मोकळ्या असतील. पुढची सभा कधी आहे ते उद्या सकाळी जाऊन विचारा, आणि त्या दिवशी एका खुर्चीवर जाऊन बसा.